मदत म्हणून दिलेल्या बंदुकांचा हिशेब कोण ठेवतं?

लष्करकर
एप्रिल २०२२ मध्ये जर्मनीतल्या रॅमस्टाइन तळावर चाळीसेक देशांचे प्रतिनिधी युक्रेनला काय काय द्यायचं हे ठरवायला पहिल्यांदा बसले. तेव्हापासून लष्करी मदतीची बातमी म्हणजे तोफा किती, रणगाडे किती, क्षेपणास्त्रं किती. दुसरीकडे न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत २००१ पासून लहान शस्त्रांच्या अवैध व्यापारावर बोलणी चालू आहेत, ती आपल्या पेपरांत आतल्या पानावरसुद्धा दिसत नाहीत. मला वाटतं सगळा घोळ इथेच आहे. बंदुका देणारं खातं वेगळं, बंदुका आवरा म्हणणारं खातं वेगळं, आणि दोघांच्या फायली कधी एका टेबलावर येत नाहीत.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या भाषेत लहान शस्त्र म्हणजे एक माणूस वागवू शकेल ते: पिस्तूल, रायफल, कार्बाइन, हलकी मशीनगन. दोन-तीन माणसांची टोळी लागते ती हलकी शस्त्रं, त्यात १०० मिमीच्या खालच्या उखळी तोफाही आल्या. जुलै २००१ मध्ये या दोन्हींसाठी एक कृती कार्यक्रम मंजूर झाला. तो कायद्याने बांधील नाही. शिवाय सगळं एकमताने, म्हणजे एकाने मान हलवली नाही की वाक्य बाद. अमेरिकेने तेव्हाच दोन गोष्टींना ठाम नकार दिला होता: नागरिकांकडच्या बंदुकांवर बोलायचं नाही, आणि बिगर-सरकारी गटांना शस्त्रं देण्यावर सरसकट बंदी नको. दुसरी अट नीट वाचा. ज्याला आपण मदत म्हणतो त्यातली बरीचशी त्याच दारातून जाते.

ऐंशीच्या दशकात अफगाण मुजाहिदांना गेलेली शस्त्रं रावळपिंडीमार्गे जात. वाटप पाकिस्तानी गुप्तचरांच्या हाती होतं, पैसे देणाऱ्याला पुढचं दिसत नव्हतं. १० एप्रिल १९८८ ला ओझरी छावणीतला दारूगोळा उडाला आणि रावळपिंडी-इस्लामाबादवर रॉकेटं बरसली. ती पाइपलाइन पुढे कुठे कुठे गळली हे पंजाब आणि काश्मीरने पाहिलंच.

मग २०२१. अमेरिकी संरक्षण खात्याने संसदेला दिलेल्या आकड्यांनुसार ७ अब्ज डॉलरहून जास्त किमतीचं सामान अफगाणिस्तानात राहिलं, त्यात लहान शस्त्रं तीन लाखांवर. तीन लाख! विमानं निकामी करता येतात, रायफल कोण निकामी करत बसणार?

आपल्या ग्वाल्हेर-चंबळवाल्यांना हा विषय परका वाटू नये. बंदूक घरात आणणं सोपं, घराबाहेर काढणं महाकठीण, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मतं येऊ द्या.

मुक्ता_इंदूर
वाचतेय. विषय जड आहे पण ओळख चांगली करून दिलीत. एक शंका. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र व्यापार कराराला विरोध केला होता ना? मग आपण कुठल्या तोंडाने बोलायचं?

चष्मेवाला
@मुक्ता_इंदूर विरोध नव्हे, तटस्थ राहिलो. २ एप्रिल २०१३, आमसभा, बाजूने १५४, विरोधात ३ (इराण, उत्तर कोरिया, सीरिया), तटस्थ २३. आपण त्या तेवीसात. आणि योग्यच केलं. आपलं म्हणणं होतं की करार विकणाऱ्यांच्या सोयीचा आहे. उद्या निर्यात करणाऱ्या देशाला वाटलं म्हणून तो मधेच पुरवठा थांबवेल आणि त्याला विचारणारा कुणी नाही. शिवाय दहशतवादी आणि बिगर-सरकारी गटांबद्दल मसुदा मिळमिळीत होता. लष्करकरांनी वर तेच लिहिलंय ना, की खरी गळती त्या दारातून होते? मग ज्या करारात तेच दार किलकिलं ठेवलंय त्यावर सही कशाला?

बाकी हे निःशस्त्रीकरणाचं प्रवचन मला नेहमी संशयास्पद वाटतं. ज्यांच्या कारखान्यांत बंदुका बनतात तेच सभेत सर्वात जास्त गंभीर चेहऱ्याने बसतात.

जीवाजीगंज
+१ चष्मेवाला. शेवटचं वाक्य तर सोला आने सच.

लष्करकर
@चष्मेवाला तटस्थतेचं कारण मलाही पटतं. पण २०१३ चा भारत खरेदीदार होता. २०२४-२५ मध्ये आपली संरक्षण निर्यात २३,६२२ कोटींवर गेली. व्हिएतनामला ५० कोटी डॉलरचं संरक्षण कर्ज आपणच २०१६ मध्ये जाहीर केलं. डिसेंबर २०१७ मध्ये आपण वासेनार गटात, म्हणजे शस्त्र निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटात गेलो, तिथेही लहान शस्त्रांच्या निर्यातीबद्दल मार्गदर्शक नियम आहेत आणि ते आपण मान डोलावून घेतले. दुकानात गिऱ्हाईक म्हणून केलेली तक्रार गल्ल्यावर बसल्यावरही तशीच करता येत नाही.

आणि वापराच्या तपासणीवर आपण स्वतः किती चिडलो होतो आठवतंय? जुलै २००९, हिलरी क्लिंटन दिल्लीत, अंतिम वापर तपासणीचा, म्हणजे विकलेलं अमेरिकी हत्यार कुठे आणि कसं वापरलं जातं ते बघण्याचा मसुदा ठरला आणि संसदेत विरोधकांनी सभात्याग केला. अमेरिकी निरीक्षक आमच्या तळांवर फिरणार का, हा सवाल होता. शेवटी तपासणीची जागा आणि वेळ भारताच्या संमतीने, असं ठरलं. मला त्यात काही गैर वाटत नाही. पण आता आपण देणारे झालो तर घेणाऱ्याला हाच प्रश्न आपणही विचारणार ना?

थाटीपूरकर
नमस्कार मंडळी. मी निमलष्करी दलातून निवृत्त, नोकरीतली बरीच वर्षं कोतात गेली. कोत म्हणजे शस्त्रागार, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल. धागा वाचून लिहावंसं वाटलं, कारण मंत्र्यांच्या बैठकीत जे ठरतं ते शेवटी कोतातल्या रजिस्टरवर येऊन पडतं आणि ते रजिस्टर कसं चालतं याची कल्पना बैठकीतल्या कुणालाच नसते.

प्रत्येक रायफलला दोन नंबर असतात. एक कारखान्यात धातूवर ठोकलेला रजिस्टर नंबर. दुसरा बट नंबर, म्हणजे तुकडीने ओळखीसाठी बटावर रंगवलेला. जवान बट नंबर सांगून रायफल घेतो, कोत एनसीओ, म्हणजे कोत सांभाळणारा हवालदार, त्याच नंबराने सही घेतो. रोजचं काम बट नंबरावर चालतं, कारण तो लांबून वाचता येतो. रजिस्टर नंबर बघायचा तर वंगण पुसून, उजेडात धरून वाचावा लागतो. रायफल हरवली, तर बट नंबर काहीच कामाचा नाही. चोर पहिल्यांदा तोच खरवडतो. म्हणून ठरावीक मुदतीने प्रत्येक हत्यार हातात घेऊन धातूवरचा नंबर ताडायचा असतो. कंटाळवाणं काम. पाचशे रायफली म्हणजे पाचशे वेळा वाकायचं. जिथे अधिकारी उभा राहून करवून घेतो तिथे होतं, जिथे नाही तिथे मागच्या वेळची यादी उतरवून काढतात.

आता तुम्ही सांगा, ज्या देशाच्या फौजेला पगार वेळेवर नाही, तिला वीस हजार रायफली भेट दिल्या, तर तिथला कोत एनसीओ वाकून नंबर वाचेल की यादी उतरवेल? वाटाघाटीत रायफलीबरोबर रॅक, साखळी, कुलपं आणि चार-पाच वर्षं रजिस्टर शिकवणारी माणसं मागितली पाहिजेत. रायफल सगळे मागतात, रॅक कुणी मागत नाही.

मुक्ता_इंदूर
काका, हा प्रतिसाद म्हणजे खजिना आहे. वेगळा धागा काढा ही विनंती.

चष्मेवाला
@थाटीपूरकर साहेब, मान्य. पण अमेरिकेसारख्या श्रीमंत फौजेलाही हे जमत नाही त्याचं काय? जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्याच महानिरीक्षकांचा अहवाल आला. युक्रेनला दिलेलं विशेष निगराणीचं सामान सुमारे १.७ अब्ज डॉलरचं, त्यात रात्री बघायची दुर्बीण, खांद्यावरची क्षेपणास्त्रं वगैरे. पैकी १ अब्जाहून जास्त किमतीच्या सामानाची मोजणी वेळेत झाली नव्हती.

थाटीपूरकर
मोजणी राहिली म्हणजे माल चोरीला गेला असं होत नाही हो. युद्ध चालू असताना आघाडीवर नंबर कोण वाचणार? तो अहवालही चोरी झाली असं म्हणत नाही. मला त्यात दिसतं ते एवढंच की मदत ठरवताना मोजणाऱ्या माणसांची संख्या ठरवली नव्हती. गोदामं वाढली, मोजणारे तेवढेच.

सह्याद्रीचा_वारा
मी पुण्याचा, ग्वाल्हेरशी संबंध फक्त आत्याच्या सासरचा. लष्करकर, तुम्ही म्हणता देण्याचा आणि आवरण्याचा विचार एकत्र व्हावा. असं कुठे झालंय का? की नुसती इच्छा?

लष्करकर
@सह्याद्रीचा_वारा नेपाळ बघा. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, जरा सविस्तर लिहितो. (आपल्या ग्वाल्हेरच्या राजघराण्याचं नेपाळशी सोयरिकीचं नातं, माधवीराजे तिथल्याच राणा घराण्यातल्या. त्यामुळे इथे नेपाळच्या बातम्या जरा जास्तच चवीने वाचल्या जायच्या.)

माओवाद्यांशी लढायला नेपाळच्या सेनेला तीन बाजूंनी हत्यारं आली. भारताने इन्सास रायफली सवलतीत दिल्या, अमेरिकेने एम-१६ दिल्या, बेल्जियमने ५,५०० मिनीमी मशीनगन विकायला परवानगी दिली. बेल्जियममध्ये त्यावरून एवढा गदारोळ झाला की २००२ च्या ऑगस्टमध्ये मागदा आल्वूट या मंत्रीबाईंनी राजीनामा दिला. गृहयुद्ध चालू असलेल्या देशाला मशीनगन का, एवढाच प्रश्न. मग फेब्रुवारी २००५ मध्ये राजे ग्यानेंद्र यांनी सगळी सत्ता हातात घेतली आणि भारताने लष्करी मदत थांबवली. इथवर नेहमीची गोष्ट: द्या, भांडा, थांबवा.

पुढचा भाग वेगळा. नोव्हेंबर २००६ मध्ये शांतता करार झाला आणि त्याला जोडूनच शस्त्रांच्या देखरेखीचा वेगळा करार. माओवाद्यांनी हत्यारं सरकारला द्यायची नाहीत, कारण तो पराभव झाला असता. सात मुख्य छावण्यांत लोखंडी कंटेनर ठेवले. संयुक्त राष्ट्रांच्या माणसांनी प्रत्येक हत्यार नोंदलं आणि कंटेनरमध्ये ठेवलं. कुलपाची किल्ली माओवाद्यांच्याच कमांडरकडे! पण कंटेनर उघडला तर भोंगा वाजणार, दिवे लागणार, कॅमेऱ्यात दिसणार. आणि नेपाळच्या सेनेनेही तेवढीच हत्यारं तशीच कुलपात ठेवायची. हे सुचलं त्या माणसाला सलाम. मान राखला आणि हिशेबही राखला.

नोंद झाली ३,४७५ हत्यारांची, लढवय्ये पडताळणीत निघाले १९,६०२. लोक हसले की पाच-सहा माणसांत एक बंदूक का? बाकीची पुरलीत का? काही पुरलीही असतील. पण त्या कंटेनरमधली हत्यारं शेवटी सेनेकडे गेली आणि पुन्हा युद्ध पेटलं नाही.

नर्मदाकाठ
नेपाळचं कंटेनर प्रकरण माहीत नव्हतं, धन्यवाद. पण किल्ली ज्याची त्याच्याकडे ही युक्ती आपल्याकडे आधीच झालीय असं नाही वाटत? १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैन्यात फिरले तेव्हा डाकू मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग याने तुरुंगातून पत्र लिहिलं होतं. वीस बागींनी (चंबळच्या डाकूंना इकडे बागी म्हणतात) विनोबांसमोर हत्यारं ठेवली. पोलिसांसमोर नाही, बाबांसमोर. मग १४ एप्रिल १९७२, जौरा, जयप्रकाशजींसमोर मोहरसिंग, माधोसिंग यांचं समर्पण. त्या वेळी बोलणी किती आधीपासून चालली होती! फाशी होणार नाही, खुल्या तुरुंगात ठेवू, जमीन देऊ, मुलांच्या शिक्षणाचं बघू. हे सगळं ठरल्यावर बंदूक खाली आली. मुंगावलीचा खुला तुरुंग त्यातूनच झाला.

आमचे आजोबा जौऱ्याला गेले होते. ते सांगत, मंचावर बंदुकांचा ढीग होता आणि त्यात बऱ्याच फौजी बनावटीच्या होत्या. बागींकडे फौजी हत्यारं आली कुठून, याचं उत्तर त्या दिवशी कुणी मागितलं नाही. बहुधा मागितलं असतं तर समर्पण झालंच नसतं.

चष्मेवाला
@नर्मदाकाठ हा मुद्दा आवडला. हत्यार परत घेताना मागचा हिशेब विचारायचा नाही. पण मग शस्त्र शोधणीचं, म्हणजे नंबरावरून हत्यार कुठून आलं ते काढण्याचं, सगळं शास्त्र निकालात निघतं, नाही का?

लष्करकर
नाही निघत. नंबर तेव्हा गुपचूप लिहून ठेवायचा, खटला त्यावर चालवायचा नाही. गळती कुठून होते ते कळलं तर पुढची मदत देताना कामाला येतं.

पश्चिम बंगालमधलं पुरुलिया आठवा. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री विमानातून एके रायफली टाकल्या. माल बल्गेरियाचा, कागदावर अंतिम वापरकर्ता बांगलादेश. कागद दिसायला चोख. ढाक्याला कुणी फोन करून विचारलं असतं तर? आजही बहुतेक व्यवहारात त्या कागदावरच भिस्त आहे.

जीवाजीगंज
विषय निघालाच आहे तर आपल्या शहराचं एक जड प्रकरण. ३० जानेवारी १९४८ ला जे बेरेटा पिस्तूल वापरलं गेलं ते ग्वाल्हेरमध्ये मिळवलेलं, हे खटल्यात आलंय. नंबर ६०६८२४, मॉडेल १९३४, इटलीच्या फौजेचं. ते इथवर कसं आलं याच्या कहाण्या तोंडोतोंडी आहेत, आफ्रिकेच्या आघाडीवरून परतलेल्या कुणा अधिकाऱ्याने आणलं ही सर्वात जास्त ऐकू येणारी. लढाईतून आलेलं एक पिस्तूल, कुठल्याही रजिस्टरावर नाही, आणि त्याने काय केलं ते जगाला माहीत आहे. कारखान्याचा नंबर होता. मधली पानं नव्हती.

(यावर राजकीय वाद नकोत, संपादक मंडळ धागा वाचनमात्र करेल.)

मुक्ता_इंदूर
अंगावर काटा आला.

बंदूकवाला_भाऊ
सगळं ठीक आहे, पण जगाच्या गोष्टी सोडा, इथलं बघा. आचारसंहिता लागली की आम्हा परवानाधारकांच्या बंदुका ठाण्यात जमा. मागच्या खेपेला माझी बारा बोअर एका ठाण्यात दिली, परत आली तर नळीला गंज. चिठ्ठी मात्र ट्रिगरला दोऱ्याने नीट बांधलेली, नंबर बरोबर! तक्रार कुणाकडे करायची? आणि २००८ मध्ये शिवपुरीत नसबंदी करा, परवाना लवकर मिळेल, ही योजना आठवते का? २०१९ मध्ये ग्वाल्हेरला परवान्यासाठी दहा झाडं लावा. आधी सरकारच आमिष म्हणून बंदूक वापरतं, मग आम्हाला शिकवतं.

थाटीपूरकर
भाऊ, गंजाचं दुःख समजतं. जमा करताना नळीत तेल लावून बोळा घालून द्यायचा, पुढच्या वेळी करा. पण ती जमा करण्याची पद्धत मला फार आवडते. दोन महिने का होईना, जिल्ह्यातल्या परवान्याच्या बंदुका एकत्र येतात आणि नंबर ताडले जातात. किती फौजांना हे जमतं?

मुद्दा वेगळाच आहे. तुमच्या परवान्यावर प्रत्येक काडतूस चढवलं जातं, दुकानदार तारीख टाकून लिहितो. न्यूयॉर्कच्या बैठकांत काडतुसावरच सर्वात जास्त भांडण होतं, खरं ना लष्करकर?

लष्करकर
अगदी खरं. २००१ च्या कार्यक्रमात दारूगोळा धड आलाच नाही. आफ्रिकी आणि लॅटिन अमेरिकी देश म्हणत होते की गोळीशिवाय बंदूक म्हणजे काठी, गोळीचा हिशेब धरा. अमेरिकेचा विरोध. २०१८ च्या आढावा परिषदेत त्या परिच्छेदांवर चक्क मतदान घ्यावं लागलं, जे या बैठकांत सहसा होत नाही. शेवटी २०२३ च्या डिसेंबरमध्ये दारूगोळ्याचा वेगळा जागतिक आराखडा आमसभेने मंजूर केला. बावीस वर्षं! आणि तोही ऐच्छिक. भिंडच्या बंदूक दुकानातल्या मुनिमाला हे सांगितलं तर तो हसेल.

मदतीच्या नियोजनातही काडतूसच नाडी आहे. रायफल पन्नास वर्षं टिकते, गोळ्या महिनाभरात संपतात. देणाऱ्याला खरोखर ताबा ठेवायचा असेल तर गोळ्या थोड्या थोड्या द्याव्यात, मागच्या हिशेबावर पुढच्या. युद्ध चालू असताना हे शक्य नाही हे मान्य, पण शांततेत दिल्या जाणाऱ्या मदतीत शक्य आहे आणि तरी फारसं कुणी करत नाही.

चष्मेवाला
हे मात्र पटलं. घेणाऱ्याला राग येईल, पण पटलं. राग येतोच, आपल्यालाही २००९ मध्ये आला होता.

वरच्या लेखाला एक पुरवणी. अमेरिकी एम-४ रायफली काश्मीरमध्ये २०२१ नंतर आल्या असा समज आहे. पुलवामात २०१७ मध्येच मिळाली होती. म्हणजे गळती काबूल पडायच्या आधीपासूनची.

लष्करकर
हो, बरोबर. माझ्या म्हणण्याला उलट बळच मिळतं. अमेरिकी फौज तिथे बसलेली असतानाच माल बाहेर जात होता.

सह्याद्रीचा_वारा
शेवटचा प्रश्न. नोंदी किती वर्षं ठेवायच्या याचा काही नियम आहे का? थाटीपूरकर काकांचं रजिस्टर पुढे कुठे जातं?

लष्करकर
२००५ चा शस्त्र शोधणीचा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज आहे, तोही ऐच्छिक. उत्पादनाच्या नोंदी निदान ३० वर्षं, आयात-निर्यातीसकट बाकीच्या निदान २०. जीवाजीगंजांचं पिस्तूल हत्येच्या वेळी फार तर चौदा वर्षांचं होतं, म्हणजे या हिशेबात बसलं असतं. पण चंबळच्या घराघरांत आजोबांच्या बंदुका आहेत, त्या वीस वर्षांच्या नियमात कुठेच बसत नाहीत.

थाटीपूरकर
आमच्याकडे जुनी रजिस्टरं मुदत संपली की समिती बसवून जाळतात. मला नेहमी वाटायचं, हत्यार आहे तोवर पान असावं.

आणि नवी डोकेदुखी सांगतो. हल्ली पिस्तुलाची फ्रेम प्लास्टिकची येते. प्लास्टिकवर ठोकलेला नंबर तापवून घासला की गेला. त्यावर तिकडे काही चाललंय का?

लष्करकर
चाललंय. जून २०२४ च्या आढावा परिषदेत प्लास्टिकची फ्रेम, सुटे भाग बदलता येणाऱ्या रायफली, त्रिमिती छपाई या सगळ्यासाठी तज्ज्ञांचा गट नेमायचं ठरलं. तोवर चांगले कारखाने फ्रेममध्ये धातूची छोटी पट्टी बसवून तिच्यावर नंबर टाकतात. देशांनी एवढं जरी खरेदीच्या आणि मदतीच्या करारात लिहून घेतलं, की पट्टीशिवाय माल घेणार नाही, तर पुढच्या कोत एनसीओला वाकून वाचायला काहीतरी राहील.